इरईच्या वाळूवरून नेलेली तार

लग्नानंतर मी लाइनच्या कॅम्पवर राहायला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी तंबूबाहेर कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "कुत्र्याले जॅकवर चढवा रे! सावकाश! खरचटू देऊ नका त्याले!"

पिठाचे हात तसेच घेऊन मी दाराशी आले. कुत्रा कुठंच दिसेना. माणसाच्या छातीएवढं उंच, फळ्या ठोकलेलं एक लाकडी रीळ होतं आणि काही गडी पहारी लावून ते वर उचलत होते. त्यांना हुकूम देणारा माणूस पन्नाशीचा होता, डोक्याला लाल पंचा गुंडाळलेला. मला पाहून त्यानं हात जोडले.

"राम राम, बाई. भेऊ नका. हा भुकत नाई."

संध्याकाळी मी यांना विचारलं. हे लाइनचे ओव्हरसियर होते. चांद्याकडच्या वीजघरातून माजरीच्या कोळशाच्या खाणींपर्यंत नवी लाइन टाकायचं काम यांच्याकडं होतं. हे हसले आणि पेटीतून तारांचे वीतवीतभर तुकडे काढून त्यांनी चटईवर मांडले. तारांच्या जाडीला इंग्रजांच्या मुलखातून जनावरांची नावं लागून आली होती. अगदी बारीक ती स्क्विरल, तिच्याहून जाड वीझल, मग रॅबिट, मग डॉग, आणि तशीच पुढं पँथरपर्यंत. गड्यांनी त्यांना आपल्या बोलीत आणलं होतं. खार, मुंगूस, ससा, कुत्रा, बिबट. गावातल्या घरांना वीज द्यायला खार पुरते, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला ससा चालतो, पण इतक्या लांबून खाणींचे पंप चालवायचे तर कुत्राच लागतो.

"पण ही तर पांढरी आहे. तार तांब्याची असते ना?"

"ॲल्युमिनियम आहे हे. आपण जर्मन म्हणतो ते."

माझ्या माहेरी जर्मनचं एक पातेलं होतं. चुलीवरून उतरवताना जरा आपटलं की पोचा पडायचा. त्याची तार टावरावर कशी टिकायची? यांनी तुकड्याचं टोक उलगडून दाखवलं. बाहेर सहा जाड पांढऱ्या तारा होत्या आणि त्यांच्या पोटात सात बारीक, काळपट. त्या पोलादाच्या.

"वीज बाहेरच्यांनी वाहायची आणि भार आतल्यांनी सोसायचा. तांबं बाहेरदेशातून आणावं लागतं, आणि जडही. ही तार हलकी आहे, टावर लांब लांब उभे करता येतात."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा माझं लक्ष तारांपेक्षा तंबूच्या मागच्या सागवानाच्या रानाकडं जास्त होतं. सकाळी झऱ्याच्या चिखलात उमटलेला पंजा मी पाहिला होता आणि तो कुठल्या जाडीचा हे विचारायची हिंमत होत नव्हती.

लाल पंच्याचा माणूस म्हणजे गँगचा मिस्त्री. मिशी फुटायच्या आधीपासून त्यानं खाणींवर तांब्याच्या तारांचं काम केलं होतं. बायको वारली होती, मुली दिल्या घरी होत्या. दुपारचं त्याचं जेवण आमच्याकडं असायचं. भाकरी, तुरीचं वरण आणि वर कच्चा कांदा फोडून. तांब्याचा जोड कसा करावा हे तो जेवताना हातवारे करून सांगायचा. दोन टोकं घासायची, एकमेकांवर ठेवायची, बारीक तारेनं आवळून बांधायची आणि वरून कथिल सोडायचं. त्यानं केलेला जोड कधी सुटला नव्हता. हे खाणीवरची माणसंही सांगत.

जर्मनचा मात्र त्याला भरवसा नव्हता. "साहेब सांगते म्हणून टाकून राह्यलो, बाई," तो म्हणायचा. "भांडं आहे ते. तार नोहे."

पौषात, भात घरात आल्यावर, ताण द्यायचं काम सुरू झालं. पहिल्याच ताणात मिस्त्रीनं केलेला जोड सुटला. मी त्या वेळी डबा घेऊन तिथं गेले होते, म्हणून मला ते दिसलं. चरखी फिरवणारे गडी लयीत "हय्या" म्हणत होते, तार जमिनीवरून उचलली जात होती, आणि एकाएकी जोडाजवळ बाहेरच्या पांढऱ्या तारा फुगल्या, सैल विणलेल्या टोपलीसारख्या. मग जोडातून पोकळ आवाज आला आणि तार गवतात पडली. कुणाला लागलं नाही. पण मिस्त्री तिथंच उभा राहिला, आणि गडी सगळे त्याच्याकडं न बघता दुसरीकडं बघू लागले. ते मला फार वाईट वाटलं.

झालं होतं ते असं. या तारेला जोड द्यायचा तर दोन नळ्या लागत. पोलादाची लहान नळी आतल्या तारांना आणि ॲल्युमिनियमची मोठी नळी बाहेरच्यांना. दोन्ही हातदाबाच्या यंत्रात आवळायच्या. मिस्त्रीनं आतल्या पोलादाला नुसतं भरण समजून कापून टाकलं होतं आणि जोड दिला होता तो फक्त बाहेरच्या मऊ तारांना. यांनी समजावून सांगितलं होतं, पण घाईत सांगितलं होतं, आणि तांब्यात मुरलेल्या माणसानं ते तांब्याच्या कानांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री जेवायला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी भाकरी फडक्यात बांधून त्याच्या राहुटीवर गेले. तो आपली हत्यारं तेल लावून गोणपाटात गुंडाळत होता.

"मिस्त्रीभाऊ, कुठं निघाले?"

"खाणीवर जातो, बाई. तिथी अजून जुनी लाइन आहे. तांब्याची."

"ती किती दिवस राहील?"

तो पक्कड हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "तांबं बोलते, बाई. तापवलं का रंग बदलवते, ठोकलं का सांगते, आता बस्स, आता मी थकलो. हे जर्मन काईच सांगत नाई. वरून चांगलं दिसते आन् आतून सुटून जाते. मले त्याच्या आतलं दिसत नाई. दिसत नाई त्याच्यावर माणूस कसा चढवू मी?"

मी भाकरी ठेवून परत आले आणि संध्याकाळी हे आल्यावर त्याचं बोलणं जसंच्या तसं यांना सांगितलं. यांचा स्वभाव तसा तापट. जोड सुटला त्या दिवशी हे सगळ्यांसमोर तडातडा बोलले होते. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे जायचं तर. पण हे उठले, कंदील घेतला, रद्दीतले तारेचे दोन तुकडे, नळ्या आणि लोखंड कापायची करवत घेतली आणि म्हणाले, "चल तू पण. कंदील धरायला कुणीतरी लागेल."

राहुटीसमोर बसून यांनी त्या तुकड्यांना जोड दिला. ॲल्युमिनियमची नळी आधीच एका टोकावर सरकवून ठेवली. पांढऱ्या तारा बेतानं कापल्या, आतल्या पोलादाला करवत लागू न देता. पोलादाला पोलादाची नळी घालून दाबली. मग मोठी नळी तिच्यावर मधोमध आणून दाबली. मिस्त्री नुसता बघत होता. जोड पुरा झाल्यावर यांनी तो त्याच्या हातात दिला आणि करवत पुढं केली.

"कापा."

"काय?"

"उभा कापा. आत काय झालंय ते बघा."

मिस्त्रीनं कापायला घेतलं. पोलाद कापताना करवतीचे दात घसरत होते, घाम आला त्याला. शेवटी जोड काकडीसारखा दोन फाकांत उघडला. त्यानं ती फाक कंदिलाजवळ धरली. आत नळी कुठली आणि तारा कुठल्या ते ओळखू येत नव्हतं, दाबानं सगळं एकजीव झालं होतं. मिस्त्रीनं नखानं खरवडून पाहिलं. फट नव्हती.

"माझा पहिला जोड नागपूरला शिकताना असाच सुटला होता," हे म्हणाले. "त्या दिवशी मी फार बोललो. तसं बोलायला नको होतं."

मिस्त्री फाकेवरून नजर न काढता म्हणाला, "उद्या आनखी तुकडे द्या, साहेब. कापून कापून पाह्यतो मी."

मग आठवडाभर राहुटीपुढं करवतीचा आवाज चालू राहिला. तो जोड करी, कापी, बघी आणि पुन्हा करी. जेवायला यायला लागला, पण आता जेवताना बोलत नसे, हातवाऱ्यांऐवजी बोटांनी हवेतच काहीतरी दाबत असे.

माघ सरत आला आणि लाइन इरई नदीच्या काठी आली. पाणी उतरलं होतं. पात्र रुंद, त्यात वाळूच वाळू, मधून गोटे, आणि पलीकडच्या काठाला लागून एक खोल धार. दोन्ही काठांवर इतरांपेक्षा उंच टावर उभे होते. नदीवरच्या तारेला मध्ये जोड चालत नाही असा नियम. एका रिळाची अखंड तार या काठावरून त्या काठावर जायची आणि दोन्ही टोकांना पोलादी पकडी दाबून ती टावरांना बांधायची. नदीवरचा सगळा भार त्या दोन पकडींवर.

ती दाबायचं काम यांनी मिस्त्रीला सांगितलं. त्यानं एकदाच विचारलं, "मीच?" हे म्हणाले, "तुम्हीच." एवढंच झालं.

तार पलीकडं कशी न्यायची हा वेगळाच प्रश्न होता. जमिनीवर ओढावी तर गोट्यांनी ॲल्युमिनियम खरवडतं, आणि ओरखड्यातून पुढं तार तुटते. इतक्या लांबवर पुरतील एवढे लाकडी रूळ नव्हते. मग ठरलं की तार खांद्यावरून न्यायची. थोड्या थोड्या अंतरावर एकेक माणूस उभा करायचा, सगळ्यांनी एका वेळी पाऊल टाकायचं. धारेत डोंगे लावायचे.

काठावर ढिवरांची वस्ती होती. मासे धरणं, धाराधारानं काकड्या-डांगरं लावणं आणि रोजानं जाणं, असं त्यांचं चालायचं. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईचं बोलणं वस्तीत सगळे ऐकत. उंच, सडसडीत, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. यांनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माणसं देतो, साहेब. पण शिवरातीची जत्रा आहे मार्कंड्याले. अर्धी वस्ती गाड्या जुतून गेली. बाया आहेत, चालतीन?"

"चालतील."

"मंग आमीच नेतो तुमचा कुत्रा."

सकाळी वाळू गार होती तेव्हाच सगळे जमले. तरी खांदे कमी पडले. रिळापाशी काही गडी लागत, टावरावर काही, डोंग्यांवर काही. हे माणसं मोजत इकडून तिकडं फिरत होते. मी डबा घेऊन आलेली, काठावर उभी होते. मी पदर खोचला आणि वाळूत उतरले.

यांनी पाहिलं. जवळ येऊन हळू म्हणाले, "अगं, तू कशाला? ओव्हरसियरची बायको मजुरीला उभी राहिली म्हणतील."

"म्हणू देत. जागा रिकामी आहे ना?"

ढिवरांची ती बाई पुढं उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं, आपल्या खांद्यावरचं फडकं काढलं, चौघडी करून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि वर थापटलं. "डाव्या खांद्यावर घे, बाई. आन् मी थांबली का थांब. मांगं पाहू नको."

तार आली. मला वाटलं होतं त्याहून हलकी, पण जिवंत. पुढच्या बाईचं पाऊल माझ्या खांद्याला कळत होतं आणि माझं मागच्या बाईला. कुणीतरी एका सुरात म्हणायला सुरुवात केली, शब्द नव्हते, नुसतं "हो... हो...", आणि त्या सुरावर आम्ही पाऊल टाकत गेलो. पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतत होते. काही वेळानं मी एकटी चालते आहे असं वाटेनासंच झालं. लग्न होऊन आल्यापासून इतकी माणसं माझ्या इतक्या जवळ कधी नव्हती.

आमच्या रांगेचं पुढचं टोक धारेपाशी पोचलं. तिथून तार डोंग्यांवर चढली. पहिला डोंगा पार गेला, दुसरा मधोमध होता, आणि तिसरा पाण्यात फिरला. त्याच्यावरची तार निसटून धारेत पडली. पाण्यानं ती लगेच ओढली, धनुष्यासारखी वाकवली, आणि ती ओढ सरसर करत आमच्या खांद्यांपर्यंत आली. माझ्या खांद्यावरून तार घसरू लागली. फडक्यातूनसुद्धा ती ऊन लागली.

पलीकडच्या काठावरून मिस्त्रीचा आवाज आला. "सोडू नका! ओढूबी नका! जशे आहा तशे उभे राहा!"

तार अशा वेळी कुणी हिसकली तर तिला आट बसते, म्हणजे पीळ पडून गाठीसारखा वळसा, आणि आट आवळली की अख्खी तार वाया. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की सुटू द्यायचं नाही आणि जोरही करायचा नाही. दोन्ही हातांनी तार खांद्याशी धरून मी उभी राहिले. रिळाजवळच्या गड्यांनी फळी दाबून रीळ थांबवलं. माझ्या पुढची बाई मात्र थांबली नव्हती. तार डोंग्यांवर गेल्यानं पुढं मोकळ्या झालेल्या आपल्या एका सुनेला तिनं आपल्या जागी उभं केलं, धारेत छातीभर पाण्यात गेली, पाण्यातली तार काखेत घेतली आणि डोंगेवाल्याला शिव्या देत देत त्याला जवळ बोलावलं. त्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्या ऐकून आमच्या रांगेत हसू फुटलं आणि भीती गेली. डोंगा वळून आला. तार उचलली गेली.

तार पार पोचल्यावर मिस्त्रीनं ती लगेच वर चढवू दिली नाही. पाण्यात गेलेला सगळा भाग त्यानं फडक्यानं पुसत पुसत बोटांखालून काढला, मधेच थांबून डोळ्याजवळ नेऊन पाहिला. एका जागी बारीक चरा सापडला. तो त्यानं पॉलिश कागदानं घासून गुळगुळीत केला, पुन्हा बोट फिरवलं आणि मगच हात वर करून खूण केली. लाइनला तारा तीन लागत; उरलेल्या दोन पुढच्या दिवसांत अशाच खांद्यांवरून गेल्या. त्या वेळी डोंगा फिरला नाही.

पकडी त्यानंच दाबल्या, दोन्ही काठांच्या. मग एका सकाळी, ऊन तापायच्या आधी, चरखीनं ताण दिला. नदीवर तार हळूहळू वर उठत गेली. पकडीतून 'कर्र' असा आवाज आला, तेव्हा मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. गडी थांबले. हेही थांबले. काहीच झालं नाही. तार झोका घेऊन स्थिर झाली.

मिस्त्रीनं डोळे उघडून वर पाहिलं. "धरलं," तो म्हणाला. मग पंचा सोडून तोंड पुसत बराच वेळ टावराखाली बसून राहिला. त्या दुपारी त्यानं माझ्याकडं चार भाकरी खाल्ल्या आणि तांब्यातल्या आणि जर्मनमधल्या फरकाबद्दल इतकं बोलला की यांना काही बोलताच आलं नाही.

चैत्रात लाइन चालू झाली. खाणींवर नारळ फुटले, पेढे वाटले गेले. आमच्या कॅम्पवर त्या दिवशी काहीच वेगळं घडलं नाही, फक्त टावराखाली उभं राहिलं की कान देऊन ऐकू यावी अशी बारीक गुणगुण सुरू झाली. ढिवरांच्या वस्तीतल्या बाया ती ऐकायला आल्या.

"गेली का बिजली याच्यातून?" त्या बाईनं मला विचारलं.

"गेली."

"आमच्या खांद्यावरून गेली, आन् आमच्याकडं पाह्यलंबी नाई तिनं." ती हे रागानं म्हणाली नाही. "आमच्या घरी कवा येईन?"

मी यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "ही मोठी लाइन आहे, बाई. हिच्यातून घरात घेता येत नाही. त्याला मधे विजेचा दाब उतरवायचं वेगळं ठाणं लागतं, बारीक तार लागते." ती ऐकून घेऊन "हाव का" म्हणाली. यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढं यांनी वरच्या साहेबांकडं त्या वस्तीचा विषय पुन्हा पुन्हा काढला. दिवे तिथं आले, पण फार उशिरा आले.

मिस्त्रीला दुसऱ्या लाइनवर नव्या गड्यांना जोड शिकवायला बोलावलं. भांदकच्या स्टेशनावर आम्ही त्याला सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर त्यानं यांना खिडकीतून विचारलं, "साहेब, कुत्र्याचं तर झालं. बिबट्याचा जोड कसा देते?" हे म्हणाले, "मीही अजून दिला नाही." "मंग पयले मी देऊन पाह्यतो," तो म्हणाला आणि गाडी हलली.

आमचा कॅम्प वैशाखात हलला. रिकामी रिळं वाहून न्यायला परवडत नव्हती. यांनी ती मोडून फळ्या वस्तीला देऊन टाकल्या. निघायच्या आधी मी त्या बाईला भेटायला गेले. तिच्या घराला आधी कुडाचा ताटवा होता, आता फळ्यांचं नवं दार लागलं होतं. दारावर आडवा, ठसठशीत लाल रंगाचा बाण होता आणि बाजूला इंग्रजी अक्षरं.

"काय लिव्हलं आहे, बाई? पोरगं सांगते, सरकारचं नाव आहे."

मी वाचलं. माझं इंग्रजी जेमतेमच, पण तेवढं समजत होतं. "रीळ या बाजूला लोटा, असं लिहिलंय."

तिनं बाणाकडं पाहिलं. मग दार त्याच बाजूला ढकलून उघडलं आणि हसत म्हणाली, "बराबर आहे. ये, आत ये. चहा ठेवतो."